घोडा माझ्या नावावर

मालकांचा तेरावा झाला, पंगती उठल्या, खरकट्या पत्रावळी अजून अंगणातच होत्या, आणि आबांनी घोड्याचा विषय काढला.

आबा म्हणजे माझे थोरले दीर. आणि घोडा म्हणजे चार पायांचा नव्हे. आमच्या इंदापूर-बारामतीकडं रिव्हॉल्व्हरला घोडा म्हणतात, पोलिसांपासून पोरासोरांपर्यंत सगळे. मालकांचा घोडा आबांनी आधीच ठाण्यात जमा करून टाकला होता. परवानेवाला माणूस गेला की शस्त्र जमा करावं लागतं, कायदाच आहे, मान्य. पण अस्थी अजून नदीला गेल्या नव्हत्या हो! मी भिंतीला टेकून बसलेली, आणि यांनी कपाटाची किल्ली मागितली. कशाला मागतायत ते मला कळलंही नाही. कनवटीला होती, काढून दिली.

तेराव्याला ते म्हणाले की घोडा आता त्यांच्या नावावर होईल, फक्त आम्हा वारसांची हरकत नाही एवढं लिहून पाहिजे, तेव्हा मी आणि माझ्या मुलानं सही करायची. विचारलं नाही, सांगितलं. घोंगडीवर गावातली मोठी माणसं बसलेली. कुणीतरी माझ्या हातात पेनसुद्धा आणून दिलं.

“मी सही करणार न्हाय,” मी म्हणलं. “घोडा माझ्या नावावर हुईल.”

एक म्हातारा हळूच म्हणाला की दुःखानं डोकं फिरलंय, दोन दिवस जाऊ द्या. आबा तर दावं तोडून उसात शिरलेल्या म्हशीकडं बघावं तसं माझ्याकडं बघत राहिले.

का केलं असं, हे लोक मला आजही विचारतात. खरं सांगायचं तर तोवर मला त्या लोखंडाचं काडीचं प्रेम नव्हतं. मालकांनी घोडा घेतला तो कुणाला मारायला नव्हे, आणि कुणापासून वाचायलाही नव्हे. आमच्या तालुक्यात ऊस, ट्रॅक्टर, कारखान्याची सभासदकी बऱ्याच जणांकडं असते, त्यानं कुणी मान वर करून बघत नाही. पण शर्टाखाली कंबर फुगलेली दिसली की लोक खुर्ची देतात. लग्नात अक्षता टाकताना मालक हात जरा जास्तच वर करायचे, शर्ट वर सरकावा म्हणून. मी बायकांच्या घोळक्यातनं बघायची आणि मला हसू यायचं. घरी आल्यावर चिडवलं की रागवायचे.

मला मात्र कधी हात लावू दिला नाही. रविवारी सोप्यात वर्तमानपत्र पसरून घोडा साफ करायला बसायचे. शिलाई मशीनचं तेल माझं, जुन्या धोतराची चिंधी मी फाडून द्यायची, पण चुकून बोट लागलं की खेकसायचे. बाईचा हात लागला की हत्यार बाटतं, म्हणायचे. म्हणायचे हसत हसत, पण तेवढं झाल्यावर नळी पुन्हा एकदा पुसायचे. ते मी बघितलेलं आहे.

तर असला हा घोडा. पण त्या तेरा दिवसांत मालकांच्या एकेका वस्तूला धनी मिळत गेला. मोटारसायकल पुतण्यानं नेली, देवळाच्या पंचांतली त्यांची जागा आबांनी घेतली, घड्याळसुद्धा कुणाच्या तरी मनगटावर गेलं. माझ्या वाट्याला सल्ले आले. पहाटे उठत जा, बाहेर फार जाऊ नको, पोराकडं बघून दिवस काढ. शेवटी राहिला होता घोडा, आणि तोही माझ्या सहीनंच माझ्याकडनं जाणार होता. तिथं माझं मस्तक फिरलं. माझ्याच हातानं मी माझं नाव पुसायचं काय?

माझं माहेर कोऱ्हाळ्याचं. आई तेव्हा माझ्याजवळ राहायला आली होती. तिला ऐकायला कमी यायचं. घोड्यासाठी अर्ज करते म्हणलं तर तिनं कपाळावर हात मारला. म्हणाली, “घरचं झालं थोडं आन् व्याह्यानं धाडलं घोडं! आगं, हाय त्या म्हशी आवरंनात तुला.” मी पोटभर हसले. मालक गेल्यावर पहिल्यांदाच हसले असेन. मग तिच्या कानाशी तोंड नेऊन सगळं समजावून सांगितलं. ती म्हणाली, मग घे, त्याला चारा तर लागत नाही.

अर्ज केला. केला म्हणजे काय, इंदापूर, बारामती, पुणे अशा वाऱ्या सुरू झाल्या. एसटीनं जायचं, बाकड्यावर बसायचं, उद्या या ऐकायचं. दीर आहेत, मुलगा मोठा होतोय, मग बाईमाणसाच्या नावावर कशाला, इथंच सगळीकडं घोडं पेंड खात होतं. पोलीस चौकशीला वस्तीवर आले, शेजारच्या मळ्यात माझ्या वागणुकीबद्दल विचारून गेले. मालकांच्या वेळी त्यांनी सोप्यात चहा घेतला होता आणि उसाच्या भावावर गप्पा मारल्या होत्या, ते मला आठवत होतं. पुण्याच्या कलेक्टर कचेरीत एका साहेबानं विचारलं की तुम्हाला कुणापासून धोका आहे. मी बिबट्याचं सांगितलं. खोटं नव्हतं ते, आमच्या उसात बिबट्याचे ठसे दिसतात आणि आमची वस्ती गावापासून लांब, मळ्यात. पण खरा धोका कुणापासून होता ते सांगितलं असतं तर साहेबानं अर्ज तिथंच बाजूला ठेवला असता.

परवान्याआधी शस्त्र चालवायचं शिकून या म्हणाले. गेले. पुण्याच्या नेमबाजीच्या मैदानावर सगळे टीशर्टवाले, मी एकटी नऊवारी नाही पण सहावारीत, पदर खोचून. शिकवणारा चांगला होता. म्हणाला, श्वास धरा, चाप ओढू नका, हळू दाबा. मी दाबला. हात खांद्यापर्यंत झणझणला आणि कानात वाजत राहिलं. गोळी कुठं गेली देव जाणे. पण एक सांगते. लग्न होऊन आल्यापासून मी घरात आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी एवढा मोठा आवाज माझ्या हातून निघाला आणि मला कुणी गप्प बस म्हणलं नाही. मी पुन्हा उडवायला मागितलं.

शेवटी परवाना आला. ठाण्यातनं घोडा ताब्यात घेतला तेव्हा तो मी पहिल्यांदा हातात धरला. खलबत्त्यातल्या बत्त्याएवढा जड होता. वस्तीवर आणून कपाटात ठेवला, किल्ली कनवटीला लावली, आणि मग खाली बसून रडले. मालकांसाठी रडले का स्वतःसाठी, ते काही मला सांगता यायचं नाही.

गावानं नाव ठेवायला किती वेळ लावायचा? कलेक्टरानं परवाना दिला, म्हणून मी कलेक्टरीण झाले. पाराजवळनं जाताना मुद्दाम ऐकू येईल असं म्हणायचे. मी पण थांबून विचारायची की काय काम होतं, अर्ज आणलाय का. मग खाली बघायचे.

आता खरी गोष्ट पुढं आहे.

आमच्या घराण्याची खंडेनवमी गावातल्या थोरल्या घरात, म्हणजे आबा राहतात तिथं, होते. दसऱ्याच्या आदल्या दिवशी भाऊबंदांच्या सगळ्या घरांतनं हत्यारं-अवजारं तिथं येतात. कोयते, विळे, खुरपी, सुताराचा वाकस, ट्रॅक्टरचे पाने. सोप्यात पाट मांडून सगळं रचायचं, झेंडू घालायचा, आणि घरच्या सवाष्णींनी औक्षण करायचं. ज्याची वस्तू पाटावर, तो घरचा. भाऊबंदकीत कुणाला तोडायचं असलं तर आमच्याकडं भांडत नाहीत, त्याचा कोयता पाटावर घेत नाहीत. मालक होते तोवर त्यांचा घोडा पाटाच्या मधोमध असायचा, आणि आबांची बायको, म्हणजे माझ्या जाऊबाई, अक्का म्हणते मी त्यांना, त्या ओवाळायच्या. दुसरं निरांजन घेऊन त्यांच्या शेजारी मी उभी असायची.

परवाना माझ्या नावावर झाल्यानंतरची पहिली खंडेनवमी आली. आदल्या दिवशी अक्का वस्तीवर आल्या. इकडचं तिकडचं बोलल्या, चहा घेतला, आणि कपबशीकडं बघत म्हणाल्या की घोडा पोराबरोबर पाठवून दे. तू येऊ नकोस, तुला तिथं बरं वाटायचं नाही. मला बरं वाटायचं नाही म्हणे! कपाळावर कुंकू नसलेली बाई पूजेत नको, हे त्यांना सरळ म्हणवत नव्हतं. वाईट नव्हत्या अक्का. पण निरोप पोचवायचं काम त्यांनी जन्मभर केलं.

मी त्यांना कायदा सांगितला. परवाना ज्याचा, शस्त्र त्याच्याच ताब्यात पाहिजे, दुसऱ्याच्या हातात देता येत नाही. मुलाच्या नाही, आबांच्याही नाही. दिलं तर परवाना जातो.

“अक्का, घोडा यील तर माझ्यासंगं यील. न्हाय तर आमी दोघं बी घरी.”

कायद्यासाठी मी अडून बसले असं म्हणलं तर ती थाप होईल. मला त्या पाटाशी बसायचं होतं. त्या घरात मी लग्न करून आले, बाळंत झाले, सासू-सासऱ्यांची दुखणी काढली. नवरा मेला म्हणून मी त्या घरची राहिले नाही, हे मला पटत नव्हतं. आजही पटत नाही. घोडा मधोमध असल्याशिवाय आबांची पूजा शोभायची नाही, आणि माझ्याशिवाय घोडा हलायचा नाही. मला वाटलं, आता मला बसवतीलच.

गेले. मुलगा तेव्हा बारामतीला कॉलेजात होता, तो नवमीसाठी आला होता. त्याच्या मागं, मित्राकडनं आणलेल्या मोटारसायकलवर बसले, पर्स मांडीवर घट्ट धरून. सोप्यात सगळे जमलेले. मुलाला आबांनी हाताला धरून शेजारी बसवून घेतलं, डोक्यावर टोपी ठेवली. मी भिंतीकडंला बसले. भटजी आले, पाट मांडला, तेव्हा आबा माझ्याकडं न बघताच म्हणाले की घोडा पाटावर ठेव आणि आत जाऊन बस.

मी म्हणलं, नजरेआड ठेवता येत नाही, मी इथंच बसते, कुणाला शिवत नाही.

आबा म्हणाले, “कायदा कोर्टात. हितं रीत चालती.”

“मग परवाना बी रीतीकडनंच काढायचा हुता,” मी म्हणलं.

कुणीतरी खोकलं. आबांनी स्वतःच्या पोराला डोळ्यानं खुणावलं. त्यानं ट्रॅक्टरचा मोठा पाना उचलून मधोमध ठेवला आणि त्याला हार घातला. झालं. एवढ्या वर्षांच्या मालकांच्या घोड्याची जागा एका पान्यानं भरून निघाली. अक्का ताट घेऊन पुढं आल्या. तेवढ्यात माझा मुलगा उठला. टोपी काढून पाटाशेजारी ठेवली आणि म्हणाला, चल आई. सगळ्यांसमोर. मला आजवर कुणी दिलं नाही एवढं त्यानं त्या दोन शब्दांत दिलं.

पुढच्या वर्षी मी माझ्या वस्तीवर माझा पाट मांडला. मधोमध घोडा ठेवला, बाजूला विळा-खुरपं. बघितलं तर पाट रिकामा रिकामा दिसत होता. आई कोऱ्हाळ्याहून आली होती, तिनं पिशवीतनं तिची फुंकणी काढली आणि घोड्याशेजारी ठेवली. मी म्हणलं, आई, अगं शस्त्रांची पूजा आहे, चुलीची नाही. ती म्हणाली, शस्त्रच आहे ते. तुझ्या पणज्याची ठासणीची बंदूक होती, सरकारजमा होईल म्हणून मोडली, आणि नळीचं बूड कापून माझ्या सासूनं चुलीपाशी घेतली.

मी ती नळी उन्हाकडं धरून बघितली. आतून गोल, गुळगुळीत, बाहेरनं धुरानं काळी. बाजूला बत्ती द्यायचं बारीक भोक, कधीतरी पितळेचा ठिपका मारून बुजवलेलं. लहानपणी पावसाळ्यात ओलं जळण पेटायचं नाही तेव्हा डोळ्यांतनं पाणी येईस्तोवर मी तिच्यात फुंकलेलं आहे. बंदुकीला तोंड लावून मी लहानाची मोठी झाले, आणि मला वाटायचं फुंकणी.

तिथनं मला नाद लागला. ज्या घरी जाईन तिथं विचारायची. पण विचारायची पद्धत हळूहळू सापडली. पुरुषांना जुनी बंदूक आहे का म्हणलं की दचकायचे, आमच्यात कुठली हो बंदूक, म्हणायचे. त्यांना खरंच ठाऊक नसायचं. बायकांना म्हणायची, गॅस आल्यापासून तुमची जुनी फुंकणी कुठं टाकलीत? की त्या माळ्यावर चढायच्या. दहा घरी साध्या पोंगळ्या निघायच्या, आणि एखाद्या घरी बंदुकीची नळी. कुठं लाकडी दस्ता कपडे धुवायचं धोपाटणं झालेला. बंदुकीच्या दारूचं शिंगडं बैलाला औषध पाजायला. गोळ्या ओतायचा साचा एकीनं लोणच्याच्या बरणीवर दडपण म्हणून ठेवला होता. घराण्याच्या पराक्रमाच्या बाता सोप्यात चालायच्या, आणि पराक्रम चुलीपाशी राखेत पडलेला. माझा जीव त्यातच रमायला लागला.

बारामतीला एमआयडीसीच्या रस्त्यावर एका चाचांचं भंगाराचं दुकान आहे. तेही माझ्यासाठी काहीबाही बाजूला ठेवायला लागले. ताई, तुमच्या कामाचं आलंय, असा फोन यायचा. बाईला हे कशाला, असं न विचारणारा मला भेटलेला तो पहिला पुरुष. मिळेल ती वस्तू मी आधी ठाण्यात नेऊन दाखवायची. जी उडूच शकत नाही तिला परवाना लागत नाही, असं त्यांनी प्रत्येक वेळी बघून सांगितलं. पुढं एका रिटायर मास्तरांची दुनळी मी रीतसर परवान्यावर चढवून घेतली, त्यांच्या पोरांना ती नको होती. मालकांच्या खोलीत भिंतीला खुंट्या ठोकून एकेक मांडत गेले. वस्तू जमवणाऱ्यालाही इंग्रजीत कलेक्टरच म्हणतात, तेव्हा कलेक्टरीण म्हणून हसणाऱ्यांचं नाव शेवटी खरं झालं.

दर नवमीला आजूबाजूच्या वस्त्यांवरच्या बायका माझ्याकडं यायला लागल्या. ज्यांना कुठं औक्षणाचं ताट धरू देत नाहीत अशाही. आमच्यात कुणी कुणाचं कपाळ बघायचं नाही. छान व्हायचं सगळं. पण खोटं कशाला बोलू, मन भरायचं नाही. बायका घरी गेल्या की गावाकडनं हलगी ऐकू यायची, थोरल्या घरची पूजा उरकली म्हणून. मी चहाचे कप धुता धुता तिकडं कान देऊन उभी राहायची. भिंतभर बंदुका जमवल्या, पण मला पाहिजे होती ती हातभर जागा. एका पाटाशेजारची.

मुलगा शिकला, पुण्याला कंपनीत लागला. नवमीला कधी यायचा, कधी रजा मिळायची नाही. मी तक्रार केली नाही.

गेल्या वर्षी मोबाईलवर बातम्या करणारा एक जण वस्तीवर आला. त्यानं माझ्या खोलीचं चित्रण केलं, मला फुंकण्यांचं बोलायला लावलं, आणि ते सगळ्या तालुक्यानं बघितलं. त्यानंतर आठवड्याभरात आबांचं पारावरचं बोलणं बदललं. आमच्या पूर्वजांची हत्यारं, म्हणायला लागले. आमच्या घराण्याचा ठेवा. त्यातली एक नळी धनगरवस्तीवरची, एक मुलाण्याच्या घरची, एक माझ्या माहेरच्या चुलीतली. आबांच्या पूर्वजांचा त्यात खिळासुद्धा नव्हता. इतकी वर्षं नाकं मुरडली आणि आता वरातीमागनं घोडं! पण खरं सांगू? आत कुठंतरी मला गुदगुल्या झाल्या. म्हणलं, आता बोलावतील.

त्याच सुमारास मुलाच्या लग्नाचं चाललं होतं. माळेगावचं स्थळ, मोठं घर, मुलीच्या वडलांना कारखान्यात मान. बोलणी आबाच करत होते. घरात मोठा पुरुष तेवढाच, असं मुलगाच म्हणाला. काय ठरलं ते मला नंतर कळायचं.

नवमीच्या सकाळी मुलगा टेम्पो घेऊन वस्तीवर आला. म्हणाला, माळेगावचे पाहुणे आज थोरल्या घरी पूजेला येणार आहेत, आबांनी सगळ्या जुन्या बंदुका मागितल्यात, पाटावर मांडायला. मी हातातलं पीठ तसंच टाकून उठले. कुठलं लुगडं नेसू, काही सुचेना. मोतिया रंगाचं काढलं. केस नीट केले. कपाट उघडून घोडा पर्समध्ये ठेवला आणि बाहेर आले. मुलगा दारातच उभा होता. त्यानं पर्सकडं बघितलं.

“रिव्हॉल्व्हर राहू दे आई. ते न्यायचं म्हणजे तुला यावं लागतं.”

मला कळायला थोडा वेळ लागला. जुन्या बंदुकांना परवाना लागत नाही. त्या कुणाच्याही हातनं कुठंही जाऊ शकतात. एकेक ठाण्यात नेऊन मीच ते विचारून आले होते.

त्यानं समजावलं. शांतपणे, पुण्यातली माणसं समजावतात तसं. एवढं एक वर्ष, लग्न होऊ दे, पाहुण्यांसमोर रीतीभातीचा वाद नको, आबा तोंडघशी पडतील, मुलीकडचे काय म्हणतील. मी त्याला म्हणलं की बंदुका जातील तिथं मी जाईन, परवाना लागो न लागो. तो भिंतीकडं बघत राहिला. मला वाटत होतं, आता टोपी टाकल्यासारखं काहीतरी करेल. तो म्हणाला, मग राहू दे. आणि रिकामा टेम्पो घेऊन थोरल्या घरी गेला.

त्या दिवशी मी पाट मांडला, बायका आल्या, सगळं झालं. कुणी त्याच्याबद्दल विचारलं तर रजा मिळाली नाही म्हणून सांगितलं. संध्याकाळी गावाकडनं हलगी वाजली.

दुसऱ्या दिवशी दसरा. दुपार कलल्यावर तो सोनं द्यायला आला. आपट्याची पानं माझ्या हातात ठेवून पाया पडला. कपाळावर अक्कांनी ओढलेला कुंकवाचा टिळा होता, त्यावर तांदळाचे दाणे अजून चिकटलेले. बंदुकांशिवायच पूजा झाली, पाहुणे खूश झाले, लग्न ठरलं, असं त्यानं सांगितलं. मी त्याच्या तोंडावरनं हात फिरवला. विचारायला नको होतं, पण राहवलं नाही. म्हणलं, माळेगावच्या माणसांनी माझं काही विचारलं का रे?

त्याला वाटलं, मी घाबरलेय. त्यानं माझा हात हातात घेतला, अगदी मायेनं.

“न्हाय गं आई. तू काळजी करू नको. कुणी तुझा विषयसुद्धा काढला न्हाय.”

हे त्यानं मला चांगली बातमी म्हणून सांगितलं.